रिमोट परत करू नका, आधी सीईसी बंद करा

वाचकाचं पत्र

'हॉलमध्ये टीव्ही, ५.१ चा एव्ही रिसीव्हर (बाकी उपकरणं जोडायचा आणि पाच स्पीकर व एका सबवूफरला आवाज देणारा डबा), सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि ब्लू-रे प्लेअर अशी पाच उपकरणं आहेत आणि त्यांचे पाच रिमोट. बॉक्स, स्टिक आणि ब्लू-रे रिसीव्हरला जोडलेत, रिसीव्हरमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीला जाते. टीव्ही सोडून सगळं लाकडी दारांच्या कपाटात आहे. आई-बाबांना सोपं पडावं म्हणून हबसोबत (रिमोटच्या कमांड उपकरणांपर्यंत पोचवणारा छोटा डबा) येणारा युनिव्हर्सल स्मार्ट रिमोट घेतला आणि ॲपमध्ये सगळी उपकरणं भरली. पण "सिनेमा" दाबलं की कधी सगळं नीट लागतं, तर कधी रिसीव्हर लागून लगेच बंद होतो आणि आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. स्टिक तर दादच देत नाही. डिस्क बघून झाल्यावर "सगळं बंद" दाबलं तर टीव्ही बंद होतो आणि चार-पाच सेकंदांत आपोआप परत लागतो. हब टीव्हीखाली ठेवलाय, त्यामुळे कपाटाची दारंही उघडी ठेवावी लागतात. बाबा पुन्हा पाच रिमोट घेऊन बसायला लागलेत. परत करायची मुदत अजून आहे. करून टाकावा का परत?'

उत्तर

परत करू नका, निदान इतक्यात नको. तुमच्या बहुतेक तक्रारी रिमोट बदलून जाणार नाहीत; याहून महागडा आणलात तरी तो इथेच अडेल. मुदत आहे तोवर फक्त दोन गोष्टी तपासा. हबला ब्लूटूथ आहे का? आणि ॲपमध्ये तुमच्या रिसीव्हरच्या कमांडच्या यादीत 'पॉवर ऑन' आणि 'पॉवर ऑफ' अशा दोन स्वतंत्र कमांड दिसतात का? ब्लूटूथ नसेल तर स्टिक या हबचं ऐकणार नाही, मग खुशाल परत करा. दोन्ही असेल तर हाच रिमोट तुम्हाला पुरतो.

तुमच्या घरात सध्या एकाच कामावर दोन मुकादम आहेत. एक नवा रिमोट. दुसरा डोळ्यांना न दिसणारा, एचडीएमआय केबलमधून चालणारा: सीईसी. केबलच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून उपकरणं एकमेकांना 'चालू हो', 'बंद हो', 'आता माझं चित्र दाखव' असं सांगतात, ती ही सोय. कंपन्या तिला आपापली नावं देतात. सॅमसंगमध्ये ती 'ॲनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक', पॅनासॉनिकमध्ये 'व्हिएरा लिंक', फिलिप्समध्ये 'ईझीलिंक'. त्यामुळे सेटिंगमध्ये 'सीईसी' हा शब्द शोधत बसलात तर सापडेलच असं नाही. रिसीव्हरवर ती बहुधा 'एचडीएमआय कंट्रोल' नावाने असते.

'सिनेमा' दाबल्यावर काय होतं ते बघा. हब टीव्हीला इन्फ्रारेडने, म्हणजे रिमोटच्या न दिसणाऱ्या प्रकाशाने, चालू करतो. टीव्ही जागा होतो आणि सीईसीवरून रिसीव्हरला सांगतो, आवाज तू सांभाळ. रिसीव्हर लागतो. तेवढ्यात ॲपने मध्ये टाकलेला काही सेकंदांचा विराम संपतो आणि हबची पुढची कमांड येते: रिसीव्हरची पॉवर. ही कमांड 'चालू हो' अशी नसून 'आहेस त्याच्या उलट हो' अशी आहे. रिसीव्हर नुकताच लागलाय, तो निमूटपणे बंद होतो. बंद असतानाही बरेच रिसीव्हर चित्र आणि आवाज पुढे टीव्हीकडे जाऊ देतात, म्हणून चित्र दिसत राहतं आणि आवाज टीव्हीतून येतो. कधी कधी टीव्हीला जागं व्हायला जरा उशीर होतो, हबची कमांड आधी पोचते आणि सगळं नीट लागतं. तुमच्या 'कधी नीट, कधी नाही'चं कारण हे. नशिबाचा खेळ नाही, दोघांपैकी कोण आधी पोचतो याची शर्यत आहे.

'सगळं बंद'चीही हीच गत. हब टीव्हीला बंद करतो. टीव्ही जाता जाता सीईसीवरून सगळ्यांना झोपायला सांगतो, रिसीव्हर आणि ब्लू-रे बंद होतात. मग हबची ब्लू-रेसाठीची पॉवर कमांड पोचते आणि बंद झालेला प्लेअर उलटा चालू होतो. चालू होताच तो सीईसीवरून टीव्हीला म्हणतो, माझं चित्र दाखव. टीव्ही परत लागतो. चार-पाच सेकंद लागतात ते प्लेअरला उठायला.

म्हणजे दुरुस्त्या दोन: एक मुकादम घरी पाठवायचा, आणि 'उलट हो'च्या जागी 'चालू हो' आणि 'बंद हो' अशा पक्क्या कमांड बसवायच्या.

कोणता मुकादम काढायचा हे उपकरणांवर ठरतं. नुसता टीव्ही, साउंडबार आणि एक स्टिक एवढंच असेल तर आम्ही रिमोट काढायला सांगितला असता, किंबहुना घेऊच नका म्हटलं असतं. तिथे सीईसी आणि स्टिकचा स्वतःचा रिमोट पुरून उरतो. पण रिसीव्हर, डिस्क प्लेअर आणि सेट-टॉप बॉक्स आले की पाच उपकरणांच्या सीईसीचा एकमेकांशी नीट मेळ बसणं अवघड. तुमच्याकडे सीईसी जाऊ द्या.

ती पाचही ठिकाणी बंद करावी लागते: टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स, स्टिक, ब्लू-रे. एक जरी विसरलात तरी ते रात्री-बेरात्री टीव्ही लावू शकतं. बंद केल्यावर पाचही उपकरणांचे प्लग काढून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग लावा. सीईसीवर प्रत्येकाने आपापला नंबर घेतलेला असतो, तो पुसला जातो. एखाद्या सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत हे सेटिंगच नसतं. त्यासाठी १३ नंबरची पिन तोडलेला एचडीएमआय ॲडॅप्टर मिळतो, तो बॉक्स आणि केबल यांच्या मध्ये लावा. चित्र-आवाजाला काही होत नाही.

इथे एक पेच येऊ शकतो. टीव्हीतली ॲप्स वापरत असाल तर त्यांचा आवाज रिसीव्हरकडे उलट दिशेने न्यायला एआरसी लागतं, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये सीईसी बंद केली की एआरसीही बंद पडतं. एआरसी २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आलं, त्याचं सुधारलेलं रूप ईएआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये. ईएआरसीला सीईसीची तशी गरज नसते, तरी टीव्हीच्या मेनूत अनेकदा दोन्ही एकाच स्विचला बांधलेली असतात. तुमची स्टिक रिसीव्हरमध्येच आहे, त्यामुळे टीव्हीतल्या ॲप्सचं तुम्हाला काम नाही. स्टिकवरच सगळं बघा आणि एआरसी विसरा. अगदी हवंच असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांचीच सीईसी चालू ठेवा आणि टीव्हीच्या मेनूत 'ऑटो पॉवर ऑन', 'ऑटो पॉवर ऑफ' असे वेगळे पर्याय असतील तर ते बंद करा.

आता पक्क्या कमांड. इन्फ्रारेड एकतर्फी आहे. रिमोट बोलतो, उपकरण उत्तर देत नाही. त्यामुळे स्मार्ट रिमोटलाही टीव्ही खरंच चालू आहे का हे कळत नाही. आपण मघाशी कमांड पाठवली म्हणजे चालू असेल, असा तो अंदाज धरतो. कोणी मध्ये उभं राहिलं, कोणी जुन्या रिमोटने टीव्ही बंद केला, की अंदाज चुकला. त्यावर 'उलट हो' कमांड आली की सगळं उलटंपालटं. पक्क्या कमांडला अंदाजाची गरजच नाही. टीव्ही चालू असताना 'चालू हो' म्हटलं तर तो काही करत नाही, बस.

मूळ रिमोटवर अशी दोन बटणं नसली तरी उपकरणाला या कमांड बऱ्याचदा कळतात, आणि ॲपच्या कोशात 'पॉवर टॉगल'च्या (म्हणजे 'उलट हो'च्या) आसपास 'पॉवर ऑन' आणि 'पॉवर ऑफ' असतात. एव्ही रिसीव्हरमध्ये त्या जवळपास नेहमी सापडतात. तपासायची रीत सोपी आहे: टीव्ही चालू असताना 'पॉवर ऑन' दोनदा पाठवा. चालूच राहिला तर कमांड पक्की. बंद झाला तर ॲपने टॉगललाच दुसरं नाव दिलंय.

टीव्हीला पक्की कमांड नसेलच तर एक जुनी युक्ती आहे. बरेच टीव्ही बंद असताना थेट 'एचडीएमआय १'ची कमांड पाठवली तर चालू होतात. म्हणजे तीच तुमची 'चालू हो'. बंद करताना आधी 'एचडीएमआय १' पाठवा, टीव्ही नक्की चालू असेल एवढा वेळ थांबा, मग टॉगल पाठवा. टीव्ही आधीच बंद असेल तर क्षणभर लागून परत बंद होईल. दिसायला विचित्र, पण चुकत नाही.

याहून मोठी सोय म्हणजे चालू-बंद करायची उपकरणंच कमी करणं. स्टिक कधी बंद होतच नाही, नुसती झोपते, आणि ब्लूटूथवरून 'होम' आलं की उठते. मात्र तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. टीव्ही बंद झाला की अनेकदा तो पोर्टही बंद होतो, मग स्टिक दर वेळी पहिल्यापासून सुरू होते आणि अर्धा-पाऊण मिनिट ब्लूटूथला जवाब देत नाही. सोबत आलेला ॲडॅप्टर लावा. सेट-टॉप बॉक्सही कायम चालू ठेवा, पण त्याच्या सेटिंगमध्ये काही तासांनी आपोआप झोपायचा पर्याय असतो तो बंद करा. नाहीतर सकाळी बाबा 'टीव्ही' दाबतील, सगळं नीट लागेल आणि पडदा मात्र काळाच. मग उरतात टीव्ही, रिसीव्हर आणि कधीमधी ब्लू-रे. ब्लू-रेला पक्की कमांड नसेल तरी चालेल, तो बंद करायच्या भानगडीत पडू नका. डिस्क थांबल्यावर बहुतेक प्लेअर काही वेळाने स्वतःच बंद होतात. चालू करायला 'प्ले' किंवा ट्रे उघडायचं बटण वापरा. बऱ्याच प्लेअरना ते पुरतं, आणि डिस्क घालायला ट्रे तर उघडायचाच असतो.

तुमच्या जोडणीत एक गोष्ट उत्तम आहे, ती मोडू नका. सगळं रिसीव्हरमधून जातं, त्यामुळे टीव्ही कायम एकाच इनपुटवर राहतो. टीव्हीच्या रिमोटवर इनपुटसाठी एकच 'सोर्स' बटण असतं आणि ते एकामागून एक यादी फिरवतं. त्याच्यावर मॅक्रो (एका बटणावर बसवलेली कमांडची रांग) बांधणं म्हणजे रोजची कटकट. रिसीव्हरला मात्र प्रत्येक इनपुटचं वेगळं बटण असतं. इनपुट रिसीव्हरवर बदला, टीव्हीवर नाही.

आवाजाचं तसंच. टीव्हीच्या मेनूत त्याचा स्पीकर बंद करा, किंवा आवाज शून्यावर आणून ठेवा. रिसीव्हरच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये 'ऑडिओ आउट' हा पर्याय 'अँप'वर (अँप्लिफायर, म्हणजे रिसीव्हर स्वतः) ठेवा, 'टीव्ही'वर नाही. ॲपमध्ये प्रत्येक कामाच्या ('टीव्ही', 'सिनेमा' वगैरे) पानावर आवाजाची बटणं रिसीव्हरचीच आहेत ना ते बघा, कारण ॲप ती कधी कधी टीव्हीची धरतं. रिसीव्हरवर 'पॉवर ऑन व्हॉल्यूम' असतो, तो तुमच्या रोजच्या आवाजाइतका ठरवून द्या. आणि 'व्हॉल्यूम लिमिट' उणे १० किंवा उणे २० डेसिबलवर ठेवा. काल रात्री कोणी स्फोटांचा सिनेमा बघितला म्हणून सकाळच्या बातम्यांनी घर हादरायला नको.

आता क्रम आणि विराम. 'सिनेमा'चा क्रम असा लावा: टीव्ही 'पॉवर ऑन', लगेच रिसीव्हर 'पॉवर ऑन', मग विराम, मग रिसीव्हरचं स्टिकचं इनपुट, शेवटी स्टिकला 'होम'. पडदा आधी, मग रिसीव्हर, मग स्रोत, हा क्रम उगाच नाही. स्रोत जागा होताना एचडीएमआयवरून पुढच्या उपकरणाला विचारतो, तुला किती रिझोल्यूशन आणि कोणता आवाज झेपतो. पुढे कोणी जागं नसेल तर चुकीचं उत्तर मिळतं आणि तुमचं ५.१ साध्या स्टिरिओवर येतं, किंवा पडदा काळा राहतो.

विराम किती, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. रिसीव्हर चालू केल्यावर आतून 'टक' असा रिलेचा आवाज येतो. फोनवर स्टॉपवॉच लावा, पॉवरपासून 'टक'पर्यंतचा वेळ घ्या आणि त्यात २ सेकंद मिळवा. एकंदर ५ ते ८ सेकंदांच्या आसपास येतं. टीव्हीला जास्त वेळ लागतो, पण त्याचं इनपुट बदलायचं नसल्यामुळे त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. ॲपमध्ये दोन वेगळे विराम असतात: एकाच उपकरणाच्या दोन बटणांमधला, आणि दोन उपकरणांमधला. पहिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास पुरे. इनपुट कधी बसतं कधी नाही असं झालं तर आधी तो वाढवून बघा.

स्टिक ऐकत नाही याचं कारण वेगळंच आहे. तिला इन्फ्रारेडचा डोळाच नाही. स्टिकचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथने बोलतो. त्यातला इन्फ्रारेड फक्त टीव्हीची पॉवर आणि आवाज यांच्यासाठी असतो. ॲपमध्ये स्टिकचं मॉडेल इन्फ्रारेडच्या यादीत सापडलं तरी फसू नका. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांनाही इन्फ्रारेड नाही, तर ॲपल टीव्हीच्या डब्याला आणि एक्सबॉक्सच्या सीरीज एक्स आणि एसला आहे. तुम्ही ॲपमध्ये स्टिक ब्लूटूथ उपकरण म्हणून नव्याने भरा. मग स्टिकच्या सेटिंगमध्ये रिमोट आणि ब्लूटूथचं पान उघडा, नवं उपकरण जोडा म्हणा आणि यादीत हब दिसला की तो निवडा. हे करायला स्टिकचा मूळ रिमोट लागतोच. बोलून शोधायची सोय हबमधून बहुधा मिळत नाही. ती हवी असेल तर मूळ रिमोट सेलसकट हाताशी ठेवा. आणि स्टिक रिसीव्हरच्या मागे, धातूच्या खोक्याला चिकटून लटकत असेल तर ब्लूटूथ अडखळतं. सोबत येणारी वीतभर एचडीएमआय एक्स्टेन्शन केबल लावून ती बाजूला काढा. अनेक जण ती केबल बॉक्समध्येच ठेवून देतात.

कपाटाचं आता. इन्फ्रारेड म्हणजे साधा प्रकाशच, डोळ्यांना न दिसणारा, बहुतेक उपकरणांत सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकणारा. काळसर काचेतून तो बराचसा जातो, लाकडातून नाही. हब टीव्हीखालून काढून कपाटाच्या आत ठेवा. आतल्या भिंतींवरून प्रकाश परततो आणि साधारण सगळ्या उपकरणांवर पडतो. टीव्हीसाठी हबच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये लावायची एमिटर वायर घ्या, म्हणजे टोकाला बारीक दिवा असलेली वायर, आणि तिचं टोक टीव्हीच्या सेन्सरजवळ आणा. मात्र आधी कपाटाची दारं लावून फोनवरून हब चालतो का बघा. बरेच हब फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय घेतात, आणि कपाट पत्र्याचं असेल तर सिग्नल आत जाणारच नाही. तसं झालं तर हब बाहेर आणि एमिटर आत.

एमिटर चिकटवण्याआधी सेन्सरची जागा पक्की करा. टॉर्च तिरका धरला तर काळ्या पट्टीमागे वाटाण्याएवढा गडद ठिपका दिसतो, टीव्हीत बहुधा खालच्या कडेला. नाही दिसला तर एमिटर हातात धरून कडेकडेने एकेक सेंटिमीटर सरकवत कमांड पाठवत राहा. सापडल्यावर अगदी वर चिकटवू नका, २-३ सेंटिमीटर अंतर ठेवून बघा. फार जवळून सेन्सर दिपतो, मग दहातल्या तीन कमांड हुकतात आणि माणूस वायरला दोष देतो. मधला स्पीकर टीव्हीच्या पायाशी ठेवला असेल तर तो सेन्सर झाकत नाही ना, तेही बघा.

एमिटर खरंच चमकतोय का हे फोनच्या कॅमेऱ्यातून दिसतं: कमांड पाठवताना जांभळट-पांढरी लुकलुक दिसते. सेल्फी कॅमेरा वापरा, मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.

दारं लावता येतील म्हणून रिसीव्हरला कोंडू नका. त्याच्या वर किमान १० सेंटिमीटर जागा आणि कपाटाच्या मागच्या फळीला भोकं हवीत. तापलेला रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि दोष पुन्हा बिचाऱ्या रिमोटच्या माथी येतो.

ॲपच्या कोशात एखादी कमांड नसेल तर ती मूळ रिमोटवरून शिकवावी लागते. दोन्ही समोरासमोर, २ ते ५ सेंटिमीटर अंतरावर, टेबलावर सपाट ठेवा. मूळ रिमोटमध्ये नवे सेल. खिडकीतलं ऊन आणि सीएफएल दिवे बंद. बटण पटकन दाबून सोडा. धरून ठेवलंत तर बरेच रिमोट पहिल्या संकेतानंतर 'तेच पुन्हा' एवढाच छोटा संकेत पाठवत राहतात, आणि हब कधी कधी तोच शिकून बसतो. एखादं शिकवलेलं बटण पहिल्यांदा चालतं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर चालत नाही, असं झालं तर उपकरण बहुधा फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचं आहे. त्यात दर दाबण्याला एक बिट उलटतो, शिकवलेल्या कमांडमध्ये तो उलटत नाही, त्यामुळे उपकरणाला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. तिथे शिकवणं सोडा आणि ॲपच्या कोशातला त्याच कंपनीचा दुसरा संच लावून बघा.

आता आई-बाबांच्या हातात काय द्यायचं ते. कामं तीन आणि एक 'बंद', याहून जास्त नको: 'टीव्ही', 'सिनेमा', 'डिस्क'. उपकरणांची नावं कुठेच नकोत. 'एव्हीआर' हा शब्द पडद्यावर दिसला तरी निम्मी माणसं रिमोट खाली ठेवतात. बाण आणि ओके चालू कामाच्या उपकरणाला, आवाज कायम रिसीव्हरला, चॅनलची बटणं बॉक्सला. उरलेली बटणं रिकामी सोडा. भलत्या बटणाने झूम बदलला की तो परत आणायला तुम्हालाच फोन येणार. फोनवरचं ॲप त्यांना शिकवू नका, ते तुमच्या दुरुस्तीसाठी आहे. आवाज कमी करायला कुलूप उघडून ॲप शोधावं लागत असेल तर जुना रिमोट लगेच परत येतो.

सगळ्या कमांड पक्क्या असल्या की एकच सूचना पुरते: काही बिनसलं तर तेच बटण पुन्हा दाबा. टीव्ही चालू असेल तर चालूच राहील, राहिलेला रिसीव्हर लागेल, इनपुट परत बसेल. टॉगलवर बांधलेल्या मॅक्रोत हीच सूचना घात करते. एक मात्र तपासा: काही हब चालू असलेल्या कामाचं बटण पुन्हा दाबलं तर 'हे तर चालूच आहे' असं धरून काहीच पाठवत नाहीत. तसा असेल तर तोच क्रम एका मोकळ्या बटणावर मॅक्रो म्हणून ठेवा.

चाचणी घ्याल तेव्हा नुसतं 'चालू-बंद' करून समाधान मानू नका. तीन कामांत एकूण १२ वाटा होतात: बंदमधून तीन, एका कामातून दुसऱ्यात सहा, आणि तिन्हीतून बंद. बाराही चालवा. 'टीव्ही'तून 'सिनेमा'त जाताना फक्त इनपुट बदलायला हवं. काही बंद होऊन परत लागत असेल तर ॲपमध्ये त्या उपकरणाला 'काम संपल्यावर चालू ठेवा' करा. मग मुद्दाम बिघडवा: टीव्ही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून 'सिनेमा' दाबा. राउटर बंद करून रिमोट चालतो का बघा. काही जोड्यांत रिमोट हबशी थेट बोलतो, काहींना राउटर लागतो, आणि इंटरनेट गेल्यावर टीव्हीही गेला असं व्हायच्या आत ते माहीत असलेलं बरं.

हब आणि सेट-टॉप बॉक्स कायम चालू असलेल्या वेगळ्या सॉकेटवर घ्या. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर ती टीव्ही, रिसीव्हर आणि ब्लू-रेपुरती ठेवा. वीज आल्यावर टीव्हीला कमांड घ्यायच्या स्थितीत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे सकाळी बटण लावल्यावर अर्धं मिनिट थांबून रिमोट दाबायला सांगा.

इतर वाचक हमखास विचारतात म्हणून: जुना लॉजिटेक हार्मनी युनिव्हर्सल रिमोट कुणाकडून मिळतोय, घ्यावा का? कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये हे रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. घरात चालू असलेला खुशाल वापरा. नव्याने मात्र घेऊ नका. त्याची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे आणि जुन्या रिमोटची बॅटरी फुगलेली निघू शकते.

सगळं जमल्यावर ॲपमध्ये बॅकअपची सोय असेल तर तो घ्या, आणि प्रत्येक कामाच्या क्रमाचे, विरामांसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा. हब बदलावा लागला तर ते आकडे परत मोजावे लागणार नाहीत. पाचही जुने रिमोट टाकू नका, कारण रिसीव्हरचं स्पीकर सेटिंग किंवा टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट त्यांच्याशिवाय बऱ्याचदा होत नाही. स्टिकचा सोडून बाकी चौघांचे सेल काढा, नाहीतर वर्षभरात ते गळून आतले स्प्रिंग खातात. प्रत्येकावर पट्टी चिकटवून नाव लिहा आणि बाबांच्या खुर्चीपासून लांबच्या खणात ठेवा.